रुळांचे संगीत

चित्रपटाचे संगीत म्हणजे गाणी, अशीच माझी समजूत होती. एदुआर्द आर्तेम्येव (१९३७–२०२२) या रशियन संगीतकारांनी ती मोडली. मॉस्कोच्या संगीत विद्यालयातून १९६० साली बाहेर पडल्यावर ते येवगेनी मुर्झिन या अभियंत्याच्या ‘एएनएस’ यंत्राकडे वळले. काळा लेप दिलेल्या काचेवर संगीतकाराने रेघा ओरखडायच्या; त्यांतून येणाऱ्या प्रकाशाचा हे यंत्र स्वर करते. वादकाची गरजच नाही! तार्कोव्हस्कींच्या ‘सोलारिस’मध्ये (१९७२) हेच यंत्र वाजते.

‘स्तालकर’साठी (१९७९) तार्कोव्हस्कींना पूर्व आणि पश्चिम एकत्र हवे होते. वाद्यवृंदाचा पहिला प्रयत्न त्यांनी नाकारला. मग आर्तेम्येव यांना वाट सापडली ती भारतीय संगीतात. खाली तंबोऱ्यासारखा एकच अखंड स्वर आणि वर ‘तार’ या अझरबैजानी तंतुवाद्याची सुरावट. आमच्या गावच्या भजनात वीणेचा स्वर असाच रात्रभर चालतो. पण आम्हा पोरांचे कान पखवाजाकडे!

याच चित्रपटात तिघेजण रुळांवरच्या छोट्या गाडीतून निषिद्ध प्रदेशात शिरतात. चाकांचा खडखडाट हळूहळू संगीत होऊ लागतो. नेमका कोठे, हे तीनदा ऐकूनही मला सांगता आले नाही.