ग्रिड की जिप्सम? ऑफिसच्या छताबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवं ऑफिस, हॉस्पिटल किंवा शोरूम थाटताना फरशीचे दहा नमुने मागवले जातात, छताचा निर्णय मात्र उभ्या उभ्या होतो. ‘तुकड्यांचं नको, सलग करा’ किंवा ‘बजेट कमी आहे, ग्रिड मारा’, एवढ्या एका वाक्यावर काम सुरू होतं. त्या वाक्याची किंमत पुढे दहा-पंधरा वर्षं मोजावी लागते, आणि ती मोजतो जागा वापरणारा.

व्यावसायिक इमारतीत स्लॅब आणि फॉल्स सीलिंग यांच्यामधली पोकळी गच्च भरलेली असते. एसीचे डक्ट, पाणी वाहून नेणारे ड्रेन पाइप, स्प्रिंकलरच्या लाइनी, विजेच्या आणि नेटवर्कच्या केबली, सगळं तिथेच. यातलं काही ना काही बिघडतंच. म्हणून सीलिंग निवडताना पहिला प्रश्न असा हवा : याच्या वर काय आहे आणि उद्या तिथे कोणाला, किती वेळा हात घालावा लागेल? दिसणं, दर आणि मुदत यांचा विचार त्यानंतर.

आधी दोन पद्धती समजून घेऊ. ग्रिड सीलिंगमध्ये स्लॅबला टांगलेल्या टी-आकाराच्या पट्ट्यांची चौकट असते. चौकटीचं माप बहुधा ६०० बाय ६०० मिमी, म्हणजे बाजारातलं ‘टू बाय टू’. तिच्यात ५९५ मिमीची टाइल नुसती टेकवलेली असते. ती वर उचलली की निघते. टाइल मिनरल फायबरची, जिप्समची, धातूची किंवा कॅल्शियम सिलिकेटची असू शकते. जिप्सम बोर्डाच्या सीलिंगमध्ये जीआय चॅनेलचा सांगाडा टांगून त्यावर साधारण १२.५ मिमी जाडीचे बोर्ड स्क्रूने बसवतात, सांध्यांवर कागदी टेप आणि जॉइंटिंग कंपाउंड भरतात आणि वरून रंग देतात. पहिलं छत उघडतं, दुसरं बंद राहतं. पुढचे बहुतेक गैरसमज हा फरक विसरल्यामुळेच होतात.

गैरसमज : सलग छत एकदा केलं की बघायला नको.

वस्तुस्थिती : छताला बघावं लागत नसेल, पण त्याच्या वरच्या यंत्रणेला लागतं. एसीच्या युनिटचे फिल्टर साफ करायचे असतात, ड्रेन तुंबतो, व्हॉल्व्ह बंद करावा लागतो, नवीन केबल ओढायची असते. ग्रिडमध्ये शिडी लावून टाइल बाजूला केली की काम सुरू. अमेरिकेत १९६१ साली डोनाल्ड ब्राउन यांना टांगत्या छताचं जे पेटंट मिळालं, त्याचा गाभाच हा होता की छत खालून, हवं तिथे उघडता यावं.

जिप्समच्या छतात त्यासाठी ट्रॅप डोअर ठेवावे लागतात, आणि इथेच गाडी अडते. ट्रॅप डोअर छताच्या नकाशावर आधी आखले तर उपयोगी पडतात. काम संपल्यावर ‘इथे एक काढून देतो’ म्हणून कापलेली खिडकी कधी व्हॉल्व्हपासून दोन हात लांब असते, कधी युनिटच्या सर्व्हिसिंगच्या उलट्या बाजूला. तिच्या चौकटीला वेगळा सांगाडाही दिलेला नसतो, त्यामुळे कडा झिजतात आणि झाकण लटकतं. प्रत्येक फिल्टर, व्हॉल्व्ह, डँपर आणि जोडपेटीखाली दार द्यावं लागत असेल, तर तिथे सलग छताचा हट्ट सोडलेला बरा.

गैरसमज : जिप्सम सीलिंग म्हणजेच पीओपी.

वस्तुस्थिती : मूळ खनिज एकच, काम वेगळं. जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी काढलं की प्लास्टर ऑफ पॅरिस मिळतं. पीओपीच्या छतात ही भुकटी जागेवरच कालवून जाळीवर थापतात. जाडी आणि सपाटी कारागिराच्या हातावर अवलंबून. बोर्ड कारखान्यात तयार होतो : मधे जिप्समचा गाभा, दोन्ही अंगांना कागद, ठरलेली जाडी. त्यासाठी आयएस २०९५ हे भारतीय मानक आहे. कोटेशनमध्ये नुसतं ‘पीओपी सीलिंग’ लिहिलेलं असेल, तर नेमकं काय बसवणार ते लेखी मागा.

गैरसमज : भेगा पडल्या म्हणजे बोर्ड निकृष्ट होता.

वस्तुस्थिती : भेग बहुधा सांध्यावर पडते आणि कारण सांगाड्यात किंवा सांध्यातच सापडतं. आपल्याकडे रुळलेल्या पद्धतीत मधले चॅनेल १२२० मिमीवर, त्यांना आडवे जाणारे सीलिंग सेक्शन ४५७ मिमीवर आणि स्क्रू २३० मिमीवर येतात. चार चॅनेल वाचवण्यासाठी ही अंतरं वाढवली, टेप न लावता सांधे पीओपीने लिंपले, बोर्डांचे आडवे सांधे एका रेषेत ठेवले किंवा हँगर स्लॅबऐवजी डक्टला बांधला, की चांगला बोर्डही तडकणार. मोठ्या सलग छताला हालचालीसाठी जागाही हवी. कडेच्या भिंतींशी ते कसं जोडलं आहे त्यानुसार साधारण ९ ते १५ मीटरवर कंट्रोल जॉइंट द्यावा लागतो. ‘मधे रेघ नको’ म्हणून तो गाळला, तर छत स्वतःची रेघ स्वतः काढतं, आणि ती सरळ नसते.

गैरसमज : जिप्सम आवाज अडवतं, म्हणजे ऑफिस शांत राहील.

वस्तुस्थिती : आवाज अडवणं आणि आवाज शोषणं हे दोन वेगळे गुण आहेत. खोलीतला गोंगाट घुमू नये यासाठी शोषण लागतं. ते एनआरसी या आकड्याने मोजतात. साध्या, रंगवलेल्या जिप्सम बोर्डाचा एनआरसी ०.१ च्या आसपास, म्हणजे जवळपास सगळा आवाज परत खाली. मिनरल फायबरच्या टाइलचा ०.५ ते ०.७ सहज असतो आणि खास ध्वनिशोषक टाइल ०.९ पर्यंत जातात. पन्नास माणसं फोनवर बोलणाऱ्या हॉलला गुळगुळीत सलग छत दिलं, तर सगळ्यांनाच आवाज चढवून बोलावं लागतं.

शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येऊ नये ही गरज वेगळी. तिथे बोर्डासारखं घट्ट छत कामाला येतं. टाइलच्या बाबतीत त्यासाठी सीएसी हा दुसरा आकडा बघतात. हलकी, मऊ टाइल आवाज छान शोषते पण आरपारही जाऊ देते, म्हणून एकच आकडा बघून खरेदी करू नये. आणि केबिनची पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशीच थांबवली असेल, तर बोलणं वरच्या पोकळीतून पलीकडे पोचतं. डॉक्टरांची तपासणीची खोली किंवा एचआरची केबिन असेल, तर आधी भिंत स्लॅबपर्यंत न्या. सलगपणाही हवा आणि शोषणही हवं असेल, तर मागे ध्वनिशोषक थर असलेले छिद्रांचे जिप्सम बोर्ड मिळतात.

गैरसमज : जिप्सम जळत नाही, म्हणजे छत फायर-रेटेड झालं.

वस्तुस्थिती : जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग हे रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी असतं. आगीत ते वाफ होऊन निघतं आणि तोवर मागची बाजू फार तापत नाही. हा गुण खरा आहे. पण इतकी मिनिटं आग रोखण्याचं रेटिंग मिळतं ते चाचणी झालेल्या संपूर्ण रचनेला : ठरावीक बोर्ड, ठरावीक थर, ठरावीक सांगाडा आणि हँगर. त्याच छताला दिव्यांसाठी वीस भोकं पाडली, एसीची ग्रिल कापली आणि साधं ट्रॅप डोअर बसवलं, की चाचणीतलं छत आणि तुमचं छत एक राहत नाही. उलट, ग्रिड म्हणजे आगीला मोकळं रान, हेही खरं नाही; ठरावीक टाइल आणि ठरावीक ग्रिड यांच्या चाचणी झालेल्या रचना उपलब्ध आहेत. दोन्हीकडे मागायचा कागद एकच : पूर्ण रचनेचा चाचणी अहवाल.

पोकळीही विसरू नका. स्प्रिंकलर आवश्यक असलेल्या इमारतीत फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी ८०० मिमीपेक्षा उंच असेल, तर नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ नुसार तिथेही स्प्रिंकलर लागतात. म्हणजे पुन्हा देखभाल आली आणि वर पोचायची वाट आली.

गैरसमज : हिरवा बोर्ड वॉटरप्रूफ असतो.

वस्तुस्थिती : हिरव्या कागदाचा बोर्ड ओलावा सहन करतो, गळती नाही. स्वच्छतागृहातल्या दमट हवेत तो साध्या बोर्डापेक्षा चांगला टिकतो. सतत पाणी मुरलं तर तोही मऊ पडतो. सलग छताचा खरा धोका असा की गळती लवकर दिसत नाही. पाणी बोर्डावर साचत राहतं आणि डाग दिसेपर्यंत मोठा भाग भिजलेला असतो. ग्रिडमध्ये एका टाइलवर पिवळा डाग उठतो, तीच टाइल काढून वर बघता येतं.

पण टाइलही दमटपणातून सुटलेली नाही. मुंबईत, कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात पावसाळ्यात एसी रात्री आणि सुटीच्या दिवशी बंद राहतो, हवा दमट होते, आणि हलक्या प्रतीची मिनरल फायबर टाइल मधे खाली झुकते. टाइलच्या माहितीपत्रकात आरएच ९०, ९५ किंवा ९९ असा आकडा असतो. किती सापेक्ष आर्द्रतेत ती सपाट राहील हे तो सांगतो. किनारपट्टीला वरचा आकडाच घ्या. गंजाच्या दृष्टीने ग्रिडच्या पट्ट्यांचं आणि चॅनेलचं गॅल्व्हनायझिंगही तपासा.

गैरसमज : ग्रिड हे नेहमीच स्वस्तातलं काम.

वस्तुस्थिती : साध्या सपाट छताला जिप्सम कित्येकदा चांगल्या ध्वनिशोषक टाइलपेक्षा कमी खर्चात होतं. धातूच्या टाइल तर दोन्हींपेक्षा महाग पडू शकतात. खरा फरक पुढे पडतो. जिप्समला ठरावीक वर्षांनी रंग लागतो. एकदा कापलं की बोर्ड, टेप, कंपाउंड, घासकाम आणि रंग, आणि नवा रंग जुन्याशी जुळत नाही म्हणून अख्खी खोली. ग्रिडमध्ये टाइल बदलली की झालं, फक्त त्याच लॉटच्या थोड्या टाइल सुरुवातीलाच जादा घेऊन ठेवायला हव्यात. भाड्याच्या जागेत पार्टिशन वारंवार हलतात. तिथे टू बाय टूच्या मापाचे दिवे आणि एसीचे डिफ्यूजर एका चौकोनातून दुसऱ्यात नेता येतात.

गैरसमज : उंची कमी आहे, म्हणून ग्रिडच करा.

वस्तुस्थिती : टाइल तिरकी करून बाहेर काढायला सर्वांत खालच्या डक्टखाली साधारण १०० ते १५० मिमी मोकळी जागा लागते. ती नसेल तर ग्रिड असूनही उघडत नाही. अशा ठिकाणी स्लॅबलगत बसवलेलं जिप्सम जास्त उंची राखतं. वजनाचंही भान ठेवा : जड दिवे, प्रोजेक्टर, टीव्ही यांचा भार ग्रिडवर किंवा बोर्डावर न टाकता थेट स्लॅबला टांगावा.

मग निवड कशी करायची? खोलीगणिक. रिसेप्शन, मीटिंग रूम, वळणदार किंवा लपवलेल्या दिव्यांचं छत, जिथे वर फारशी यंत्रणा नाही, तिथे जिप्सम शोभतं आणि टिकतं. कॉरिडॉर, जिथून सगळे डक्ट आणि पाइप जातात, आणि कामाचे मोठे हॉल, तिथे ग्रिड. ऑपरेशन थिएटरला सांधा नसलेलं, पुसता येणारं छत हवं, म्हणून तिथली यंत्रणा शक्यतो बाहेरच्या कॉरिडॉरवर घ्यावी. कडेला जिप्समची पट्टी आणि मधे ग्रिड ही जोडही बऱ्याच ऑफिसांत उत्तम बसते.

छत बंद होण्याआधी तीन गोष्टींचा आग्रह धरा. पाइपांची दाबचाचणी आणि ड्रेनची पाणी सोडून तपासणी पूर्ण झालेली असावी. वरच्या सगळ्या यंत्रणेचे फोटो काढून जपावेत. आणि छताच्या नकाशावर दिवे, ग्रिल, स्प्रिंकलर आणि ट्रॅप डोअर एकत्र दाखवलेले असावेत. त्या नकाशावर डिझायनरइतकाच एसीच्या, प्लंबिंगच्या आणि फायरच्या ठेकेदाराचा हक्क आहे, आणि सर्वांत जास्त हक्क उद्या शिडी घेऊन वर चढणाऱ्या देखभालीच्या माणसाचा. त्याला विचारल्याशिवाय एकही बोर्ड चढू देऊ नका.