पार्सर लिहिण्याविषयीचा एक हट्टी गैरसमज

नवी प्रोग्रॅमिंग भाषा रचून तिचा इंटरप्रिटर मुक्त स्रोत म्हणून खुला करू पाहणाऱ्याला पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो: पार्सर स्वतः लिहू नये, तो यॅक किंवा बायसनकडून तयार करून घ्यावा, कारण हाताने लिहिलेला पार्सर म्हणजे हौशी काम. हा सल्ला वर्गात आणि पुस्तकांत इतक्या ठामपणे दिला जातो की तो पडताळून पाहावा असेही कोणाला वाटत नाही, आणि हीच गोष्ट खेदाची आहे.

इंटरप्रिटरचा पहिला भाग, म्हणजे लेक्सर, मजकुराचे शब्द, अंक व चिन्हे अशा टोकनांत तुकडे पाडतो आणि पार्सर त्या टोकनांची भाषेच्या व्याकरणानुसार रचना लावतो. बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७०च्या दशकात घडवलेले यॅक हे साधन व्याकरणाचे नियम वाचून पार्सरचा कोड आपोआप तयार करते, आणि बायसन हा त्याचा ग्नू प्रकल्पातील वारसदार होय. हाताने लिहायच्या पद्धतीत व्याकरणाच्या साधारण प्रत्येक नियमासाठी एक फंक्शन असते आणि ही फंक्शने एकमेकांना, प्रसंगी स्वतःलाही, बोलावतात.

आता हौशी म्हणून हिणवले जाणारे हे काम कोण करते ते पाहावे. बायसन ज्या ग्नू प्रकल्पाचे अपत्य, त्याच प्रकल्पातील जीसीसी या कंपायलरने सी प्लस प्लससाठी २००४ साली आणि सी भाषेसाठी २००६ साली बायसन सोडून हाताने लिहिलेला पार्सर स्वीकारला. गो भाषेने २०१६च्या १.६ आवृत्तीत यॅक बाजूला ठेवले. लुआ भाषेच्या कर्त्यांनी तर त्याआधीच ते सोडले होते, आणि हाताने लिहिलेला पार्सर लहान, वेगवान व चुकांविषयी अधिक नेमके संदेश देणारा ठरतो, असे त्यांनी लुआ ५.०च्या रचनेवरील निबंधात नोंदवले आहे. वर्षानुवर्षे बायसनवर विसंबलेल्या रूबीतही ३.४ या आवृत्तीपासून प्रिझम हा हाताने लिहिलेला पार्सर पूर्वनिर्धारित पार्सर झाला आहे. यांपैकी कोणालाही साधने वापरता येत नव्हती, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

याचा अर्थ साधने टाकाऊ आहेत असा मुळीच नाही. पीएचपी आजही बायसन वापरते, आणि पायथॉनने ३.९ आवृत्तीत जुना पार्सर बदलताना नवाही व्याकरणावरून आपोआप तयार होणाराच निवडला. व्याकरणातील एकाच वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात अशा जागा बायसन संघर्षाच्या इशाऱ्यांतून दाखवू शकतो, तर हाताने लिहिणाऱ्याच्या त्या सहज नजरेआड होतात. म्हणून भाषेचा आराखडा अजून बदलत असेल तेव्हा व्याकरण बायसनमधून तपासून घ्यावे आणि प्रत्यक्ष पार्सर मात्र हाताने लिहावा, हा मार्ग बहुतेक लहान प्रकल्पांना मानवणारा आहे. बेरीज आणि गुणाकार यांचा प्राधान्यक्रम हाताने सांभाळणे अवघड जाते ही तक्रारही जुनी झाली, कारण व्हॉन प्रॅट यांनी १९७३ साली मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक क्रियाचिन्हाला एक बल देऊन ते काम थोडक्या ओळींत होते.

याच विषयाभोवतीचे आणखी काही समजही तपासून घ्यावेत. बायसन वापरल्यास नव्या भाषेलाही जीपीएल, म्हणजे कोड खुला ठेवण्याची अट घालणारा ग्नूचा परवाना, लागतो, ही भीती निराधार आहे, कारण त्याने निर्माण केलेल्या पार्सरला परवान्यातच अपवाद दिलेला आहे. पार्सर बदलल्याने प्रोग्रॅम वेगाने चालतील, हेही खरे नव्हे. दीर्घकाळ चालणाऱ्या प्रोग्रॅमचा बहुतांश वेळ पार्सिंगनंतरच्या अंमलबजावणीत जातो. ही अंमलबजावणी वेगवान करण्यासाठी एलएलव्हीएम, म्हणजे यंत्रसंकेत निर्माण करणारी तयार साधनसामग्री, जोडली की कोणताही इंटरप्रिटर आपोआप वेगवान होतो, असे मानणाऱ्यांनी दोन प्रयत्न अभ्यासावेत: २००९ साली गूगलमधील अभियंत्यांनी पायथॉनसाठी हाती घेतलेला अनलेडन स्वॅलो प्रकल्प, जो मुख्य पायथॉनमध्ये कधीच सामील झाला नाही, आणि वेबकिटचे जावास्क्रिप्ट इंजिन, ज्याने कंपाइल करण्यात जाणारा वेळ वाचवण्यासाठी २०१६ साली एलएलव्हीएमच्या जागी बी३ हे स्वतःचे साधन बसवले.