मीठ, कापूस आणि हळद

सोडिअमने क्लोरिनला इलेक्ट्रॉन देणं हा मुळात घाट्याचा सौदा आहे. शाळेत शिकवताना हे कुणी सांगत नाही. सोडिअमच्या बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन असतो, तो त्याने दिला, क्लोरिनने घेतला, दोघांचं अष्टक पूर्ण झालं, दोघेही सुखी. परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतात. पण अणूला ना इच्छा असते, ना सुख. हिशेब मांडला तर २३ ग्रॅम सोडिअमच्या सुट्या अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन ओढून काढायला सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च होते आणि ते इलेक्ट्रॉन क्लोरिनकडे गेल्यावर जेमतेम ३४९ किलोज्यूल परत मिळतात. घाटा १४७ चा.

तरी मीठ तयार होतं, कारण व्यवहार तिथे संपत नाही. देवघेवीनंतर सोडिअमवर धन आणि क्लोरिनवर ऋण प्रभार येतो. हे आयन एकमेकांना ओढून स्फटिक रचतात. प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम. या रचनेतून ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात आणि सगळा घाटा भरून निघून वर भरपूर उरतं. आयनिक बंध म्हणतात तो हाच. अष्टक पूर्ण होणं ही बहुतेक वेळा दिसणारी खूण आहे. कारण आहे ते एकूण ऊर्जा कमी होणं.

मिठापायीच गांधीजी वर्ध्याला आले, असं म्हटलं तरी फार चूक होणार नाही. १९३० मध्ये दांडीला निघताना त्यांनी स्वराज्याशिवाय साबरमतीला न परतण्याचा निश्चय केला, १९३४ मध्ये ते वर्ध्यात आणि १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. पण या जिल्ह्याचं खरं पीक कापूस आणि बंधांच्या दृष्टीने तो मिठापेक्षा कितीतरी रंगतदार.

सुक्या कापसाच्या धाग्यात ९० टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असतं: ग्लुकोजच्या हजारो कड्यांची एकेक लांब साखळी. कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन. चारही काढून द्यायचे तर खर्च इतका प्रचंड की कुठलाही स्फटिक तो भरून काढू शकत नाही. म्हणून कार्बन देत नाही, वाटून घेतो. दोन अणुकेंद्रांच्या मधल्या जागेत आलेली इलेक्ट्रॉनची जोडी दोन्ही केंद्रांना आपल्याकडे खेचते आणि अणू एकत्र राहतात. हा सहसंयुज बंध. कोण देणार, कोण वाटून घेणार, याचा अंदाज बांधण्यासाठी लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये विद्युतऋणतेचं मोजमाप मांडलं. इलेक्ट्रॉन खेचण्याच्या ताकदीत दोन अणूंचा फरक मोठा असेल तर आयन, कमी असेल तर वाटणी. चरख्याच्या चातीतल्या पोलादात तिसराच प्रकार आहे. तिथे बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे राहत नाहीत, म्हणून चाती ठोकली तर वाकते, मिठाच्या खड्यासारखी फुटत नाही.

वाटणी नेहमी समसमान होते असंही नाही. सेल्युलोजमधला ऑक्सिजन जोडी स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे त्याला चिकटलेला हायड्रोजन किंचित धन होतो आणि शेजारच्या साखळीतल्या ऑक्सिजनकडे झुकतो. हा हायड्रोजन बंध. साखळीतले, २३ ग्रॅम सोडिअममधल्या अणूंइतके, कार्बन-ऑक्सिजन बंध तोडायला साधारण ३५० किलोज्यूल लागत असतील, तर तितक्याच नाजूक बंधांना वीसेक पुरतात. मात्र ते असंख्य असतात.

सुती सदऱ्याच्या सुरकुत्या हा याच बंधांचा उद्योग. कपडा ओला होतो तेव्हा पाण्याचे रेणू साखळ्यांमध्ये शिरून जुने हायड्रोजन बंध सोडवतात. कपडा चुरगळलेला असतानाच वाळला, की नवे बंध त्याच चुरगळलेल्या अवस्थेत बसतात. इस्त्रीआधी पाणी शिंपडायचं ते म्हणूनच. पाणी बंध सैल करतं, दाब साखळ्या सरळ करतो, उष्णता पाणी उडवून लावते आणि बंध आता सपाट जागी जुळतात. खादीला घालायची खळही ग्लुकोजचीच साखळी आहे, फक्त कड्या जोडण्याचा कोन वेगळा. तेवढ्या फरकाने भाताची पेज आपल्याला पचते आणि कापूस पचत नाही.

बंधांबाबत एक गैरसमज शिकलेल्या माणसांतही पक्का आहे: बंध तुटला की ऊर्जा मिळते. चुलीत कापसाची पऱ्हाटी जळते तेव्हा आधी सेल्युलोजमधले आणि ऑक्सिजनमधले बंध तोडायला ऊर्जा लागते. ती काडीने द्यावी लागते, म्हणून पऱ्हाटी आपणहून पेटत नाही. धग येते ती नंतर, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातले अधिक मजबूत बंध जुळताना.

आता हळद. वर्धा जिल्ह्याच्याच समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीतलं पिवळं कुर्क्युमिन सुती धाग्यात शिरतं आणि प्रामुख्याने हायड्रोजन बंधांसारख्या दुबळ्या ओढीवर टिकून राहतं. रंगाऱ्याची तुरटी इथे मध्यस्थी करते. तिच्यातल्या ॲल्युमिनिअमला एका बाजूने धाग्यातला आणि दुसऱ्या बाजूने रंगातला ऑक्सिजन आपली इलेक्ट्रॉन-जोडी देऊ करतो. १९५६ मध्ये बाजारात आलेल्या रिॲक्टिव्ह रंगांनी मध्यस्थच काढून टाकला. ते सेल्युलोजशी थेट सहसंयुज बंध करतात, म्हणून धुऊन सहसा जात नाहीत. पक्केपणात हळद त्यांच्या पासंगालाही पुरत नाही.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालसर होतो. साबणातल्या अल्कलीमुळे कुर्क्युमिनवरचे हायड्रोजन निघतात आणि त्यातल्या इलेक्ट्रॉनची मांडणी बदलते. सांगाडा शाबूत असतो, म्हणून साबण नीट निघून गेला की पिवळा रंग परततो. उन्हाचं काम वेगळं. प्रकाश त्या सांगाड्यातले दुहेरी बंधच मोडतो आणि रंग कायमचा जातो. तेव्हा हळदीने रंगवलेली खादी घेतलीत तर सावलीत वाळवा आणि पांढऱ्या सदऱ्यावर हळद सांडली तर घासत बसू नका. धुऊन तो सरळ उन्हात टाका.