जोडाक्षरापाशी थांबणारं मूल

कन्हानसारख्या पारशिवनी तालुक्यातल्या गावात मुलाच्या विकासाची सरकारी तपासणी अंगणवाडीतच सुरू होते. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरतं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा, शाळेतल्यांना एकदा तपासतं. शंका आली की मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात.

तिथे आधी कान आणि डोळे तपासतात. ऐकूच कमी येणारं मूल ‘मंद’ ठरल्याची उदाहरणं थोडी नाहीत. मग मान कधी धरली, पहिला शब्द कधी बोललं, हे आईला विचारतात. बुद्धी मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ ठोकळे रचायला देतात, आकडे उलट म्हणायला लावतात. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतलेली बिने-कामत चाचणी याच कामाची.

अध्ययन अक्षमतेचं निदान मात्र साधारण आठव्या वर्षानंतरच होतं. बुद्धी ठीक, तोंडी उत्तरं चोख, पण वाचताना ‘प्रकाश’चा ‘पकाश’ होतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ही अक्षमताही आहे. प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो.