जुने वाडे आणि त्यांचे वारस

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रंदिवस लोखंडी सळ्या तयार होतात, आणि आसपासच्या खेड्यांतील जुन्या वाड्यांच्या सागवानी तुळया निघून त्या जागी सळ्यांचे स्लॅब पडतात. कालमानाप्रमाणे घर बदलावे, यास आमची हरकत नाही. परंतु कित्येक वाडे केवळ कोणी धनी न उरल्यामुळे ढासळत आहेत, ही गोष्ट शेतकरी बंधूंच्या नजरेस आणणे आम्हांस अवश्य वाटते.

देशमुखी वाड्याचा थोर नमुना येथून सुमारे ३० किलोमीटरवर सिंदखेडराजास आहे. तेथील देशमुखी लखुजी जाधवराव यांजकडे होती. १५९८ साली जिजाबाईंचा जन्म याच वाड्यात झाला. जाधवरावांच्या काळचा मोती तलाव आजही गावाजवळ आहे. १६२९ साली दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजी पुत्रांसह मारले गेले. आता तो वाडा शासनाच्या संरक्षणाखाली असल्याने त्याचा भव्य दरवाजा उभा आहे.

सामान्य पाटील-देशमुखांच्या वाड्यांस असे संरक्षण कोठून असणार? पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, वर धाबे, भिंतीत धान्याचे बळद, अंगणात पेव व आड, अशी त्यांची रचना. धाब्यावर पावसाळ्यापूर्वी माती घालून चोपावी लागते. हयगय झाली, की पाणी मुरून लाकूड कुजते. वारस दहा असले, म्हणजे माती कोणी घालावी यावरच तंटा होतो.

दप्तरातील अनुभवावरून आम्ही सांगतो, की सातबारा हा काळीचा उतारा होय. पांढरीतील घर त्यात येत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ कर-आकारणीपुरता आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही. सबब ‘थोरल्या भावाचे नाव आहे, तेवढे पुरे’ ही समजूत घातक आहे. शिवाय २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचाही मुलांइतकाच हिस्सा ठरला आहे.

२०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जातात. चौकशीच्या वेळी वंशावळ दाखवून, लेकीबहिणींसह सर्व हिस्सेदारांची नावे लावून घ्यावी. ज्यास वाड्यात राहावयाचे असेल त्याने इतरांचे हिस्से रीतसर नोंदणी करून घ्यावे. अगर दुरुस्तीची वर्गणी सर्वांनी मिळून लेखी ठरवावी. पावसाळ्यापूर्वी धाब्याची माती आणि पेटीतील कागद ही दोन्ही पाहून ठेवावी, एवढीच आमची सूचना आहे.