घरापर्यंत आलेली तार

अमेरिकेत नव्या घरात राहायला गेलेले कुटुंब इंटरनेट घ्यायला निघते, तेव्हा सर्वांत आधी पाहावे लागते ते एकच: या पत्त्यावर जोडणी देते कोण? कित्येक पत्त्यांवर उत्तरात एक-दोनच नावे येतात. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत दोन-तीन केबलवाले आपणहून दार ठोठावतात, तशी चुरस तिथल्या अनेक गावांत नाही.

याचे कारण तारांच्या इतिहासात आहे. सगळ्यांत जुनी तार टेलिफोनची, तांब्याची. तिच्यावरून डीएसएल नावाचे इंटरनेट चालते, पण एक्स्चेंजपासून लांब जावे तसा सिग्नल क्षीण होत जातो आणि साडेपाच किलोमीटरच्या पलीकडे बहुधा कामाचाच राहत नाही. शेतावरची घरे मागे पडली ती इथे. दुसरी तार टीव्हीच्या केबलची. बैठकीच्या खोलीत जमिनीलगत भिंतीतून तिचे आटे असलेले टोक बाहेर आलेले असते आणि त्याच्या मधोमध टाचणीएवढी तांब्याची काडी दिसते. ही तार टाकण्याचा परवाना गावोगावच्या नगरपालिकांनी अनेकदा एकाच कंपनीला दिला होता. अशी मक्तेदारी देण्याला 1992 च्या कायद्याने मनाई केली, पण तोवर रस्ते खणून झाले होते. त्याच रस्त्यावर दुसरी तार टाकण्याचा खर्च करून उरलेली गिऱ्हाइके वाटून घ्यायची, हा व्यवहार फार थोड्यांना परवडला.

केबलच्या इंटरनेटबद्दलची नेहमीची तक्रार अशी, की सिनेमा झकास दिसतो, पण व्हिडिओ कॉलवर आपलेच चित्र अडकते. त्याचे मूळही टीव्हीतच आहे. कार्यक्रम घराकडे यायचे, घरातून परत काही जायचे नाही. म्हणून उलट दिशेला बराच काळ 5 ते 42 मेगाहर्ट्झ एवढीच अरुंद पट्टी ठेवलेली होती. बाकीचा सारा रस्ता येणाऱ्या सिग्नलसाठी. 2020 साली शाळा आणि कचेऱ्या एकदम घरात आल्या, तेव्हा ही अरुंद वाट घरोघरी जाणवली.

सरकारी व्याख्याही या अनुभवाच्या मागेच राहिली. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने 2015 साली ‘ब्रॉडबँड’ म्हणजे सेकंदाला 25 मेगाबिट येणारे आणि 3 मेगाबिट जाणारे, असे ठरवले. ते माप मार्च 2024 मध्ये 100 आणि 20 वर गेले. हा नुसता आकड्यांचा खेळ नव्हे. ज्या गावात ‘ब्रॉडबँड पोहोचले’ अशी नोंद होते, ते अनुदानाच्या रांगेतून बाहेर पडते.

या सगळ्यात टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाची गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. रेल्वेचे आणि कारखान्यांचे हे गाव 1969 साली देशातल्या सर्वांत घाण हवेसाठी ओळखले गेले होते. तिथली वीज ‘ईपीबी’ हे 1935 साली स्थापन झालेले, गावाच्याच मालकीचे वीज मंडळ पुरवते. मंडळाला हवी होती शहाणी वीजवाहिनी: तारेवर झाड पडले तर खांबावरच्या स्विचांनी एकमेकांशी बोलून तेवढाच तुकडा वेगळा काढावा आणि बाकीच्या आळीत दिवे चालू राहावेत. त्यासाठी खांबाखांबावरून काचेची तार, म्हणजे फायबर, न्यावी लागणार होती. 2009 च्या मंदीनंतर केंद्र सरकारने 11 कोटी डॉलरच्या वर अनुदान दिले आणि काम झपाट्याने झाले. त्याच तारेवरून मंडळ इंटरनेटही विकणार, म्हणून केबल कंपन्या त्याआधीच कोर्टात गेल्या होत्या. त्यांचे दावे टिकले नाहीत. सप्टेंबर 2010 मध्ये मंडळाने आपल्या सुमारे 1550 चौरस किलोमीटरच्या हद्दीत प्रत्येक घराला एक गिगाबिटची जोडणी खुली केली. अमेरिकेत इतक्या मोठ्या भागात असे आधी कोणी केले नव्हते. महिन्याला 350 डॉलर हा सुरुवातीचा दर 2013 साली सुमारे 70 डॉलरवर आला. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा याच तारांवरून भोवतालच्या हॅमिल्टन काउंटीतल्या गरीब घरांतल्या सुमारे 28,000 मुलांना मोफत इंटरनेट देण्याची योजना निघाली.

पण मंडळाची हद्द संपते तिथे ही सोय संपते. आपल्या वीजपुरवठ्याच्या क्षेत्राबाहेर इंटरनेट देण्यास टेनेसीचा कायदा वीज मंडळांना मनाई करतो. पलीकडच्या वस्त्यांना जोडणी हवी होती, मंडळाची द्यायची तयारी होती. केंद्रीय कमिशनने 2015 साली ती अट बाजूला सारली. 2016 मध्ये अपील कोर्टाने कमिशनला तसा अधिकार नाही असा निकाल दिला. वीज देणाऱ्या खांबावर काचेची तार चढवायला गावाची तयारी असताना राज्याने आडवे यावे, याचे समर्थन करणे कठीण आहे. 1930 च्या दशकात खासगी कंपन्या शेतांवर वीज न्यायला तयार नव्हत्या, तेव्हा 1936 च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना कर्जे दिली. त्यांतल्या अनेक संस्था आज त्याच खांबांवरून फायबर नेत आहेत.

तार दारात आली तरी बिल भरता यायला हवे. जाहिरातीतला दर वेगळा, त्यावर मॉडेमचे भाडे वेगळे, वर्षभराने सवलत संपते ती वेगळीच. एप्रिल 2024 पासून मोठ्या कंपन्यांना खाद्यपदार्थांच्या पाकिटावर असते तशी चौकट छापावी लागते: खरी किंमत, वेग, डेटाची मर्यादा, जादा शुल्क. त्याच महिन्यात गरिबांसाठीची महिना 30 डॉलरची पूर्ण मदत शेवटची मिळाली. 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यातल्या 1420 कोटी डॉलरवर ही योजना चालली होती आणि 2 कोटी 30 लाख कुटुंबे तिचा लाभ घेत होती. काँग्रेसने पुन्हा पैसे मंजूर केले नाहीत आणि 1 जून 2024 ला ती बंद पडली. 1985 पासून चालत आलेली ‘लाइफलाइन’ ही मदतयोजना उरली. ती बहुतेकांना महिना 9.25 डॉलर देते.

ज्यांना तेवढ्याने भागत नाही, त्यांच्यासाठी गावचे सार्वजनिक वाचनालय असते. 1996 च्या दूरसंचार कायद्यातून आलेल्या ‘ई-रेट’ योजनेत शाळांना आणि वाचनालयांना इंटरनेटच्या बिलात 20 ते 90 टक्के सूट मिळते. कितीतरी वाचनालये संध्याकाळी दार लावल्यावरही वाय-फाय चालू ठेवतात. मग मोटारी उभ्या करायच्या जागेत, पुढच्या सीटवर लॅपटॉप उघडून कोणी नोकरीचा अर्ज भरत असते आणि मागच्या सीटवर मूल शाळेचा अभ्यास पाठवत असते.