सही करण्याआधी शब्द फोडा

आज आपण ग्रीक शब्दांबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या कार्यक्रमात ग्रीक भाषा कुठून आली, असं तुम्हाला वाटेल. पण ती आपल्या घरात कधीच येऊन बसली आहे. दवाखान्याची जी फाईल आपण कपाटात साड्यांच्या खाली जपून ठेवतो, तिच्यातले बरेचसे लांबलचक शब्द ग्रीक आहेत. ॲनिमिया, थायरॉईड, डायबेटिस, हिस्टरेक्टॉमी. डॉक्टर म्हणतात, "पिशवीला सूज आहे," "गाठ आहे," "काढून टाकू," आणि एक इंग्रजी कागद पुढे येतो. त्यावर सही किंवा अंगठा आपला असतो, पण शब्द आपल्या ओळखीचे नसतात. म्हणून आज ते शब्द फोडून बघू.

शब्द फोडणं आपल्याला नवीन नाही. घरपट्टी, पाणीपट्टी हे शब्द घ्या. शेवटी 'पट्टी' आली की कर भरायचा आहे हे कळतं, आणि कशाचा ते पुढचा तुकडा सांगतो. दवाखान्यातले शब्दही असेच जोडलेले असतात. शब्दाचं डोकं बहुतेक वेळा शरीराचा भाग सांगतं आणि शेपूट सांगतं की त्या भागाला काय झालंय किंवा त्याचं काय करणार आहेत. पाचसहा शेपट्या ओळखता आल्या तरी फाईल बरीचशी बोलायला लागते.

आधी हे शब्द ग्रीक का, ते पाहू. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशात हिपोक्रेटिस नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांच्या परंपरेतल्या वैद्यांनी आजारांची वर्णनं लिहून ठेवली. पुढे युरोपातले डॉक्टर तीच पुस्तकं वाचून शिकले, आणि नवीन रोग किंवा नवीन यंत्र आलं की त्याला ग्रीक तुकडे जोडून नाव देऊ लागले. आपणही नव्या वस्तूला संस्कृतातून नाव देतोच की. ग्रीकमध्ये 'टेले' म्हणजे दूर आणि 'फोने' म्हणजे आवाज. त्यांचा टेलिफोन, आपला दूरध्वनी. आणि ज्याच्यासमोर बसून आम्ही बोलतो त्या मायक्रोफोनमधला 'मिक्रोस' म्हणजे लहान. बारीक आवाज मोठा करणारा तो मायक्रोफोन.

ग्रीक लोक आपल्यालाही अगदी परके नव्हते. त्यांच्या आयोनिया या प्रदेशावरून आपण त्यांना 'यवन' म्हणत असू. लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यात खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात काही दाते यवन म्हणून नोंदलेले आहेत. युनानी दवाखाना म्हणतो त्यातला 'युनानी' शब्दही त्याच आयोनियावरून आला. ग्रीकांच्या द्राख्मे या नाण्याचं संस्कृतात 'द्रम्म' झालं आणि पुढे आपला 'दाम'. आणि आपल्या गटाचं दप्तर? ग्रीकमध्ये 'दिफ्थेरा' म्हणजे कमावलेलं कातडं. त्यावर लिहीत असत. तो शब्द फारसीत जाऊन 'दफ्तर' झाला आणि तिथून आपल्याकडे आला. घसा धरणाऱ्या एका रोगात आत कातड्यासारखा पापुद्रा येतो, म्हणून डॉक्टरांनी त्याला त्याच शब्दावरून डिप्थेरिया नाव दिलं. आपण त्याला घटसर्प म्हणतो. बाळाला पेंटाची लस देतात, ती पाच रोगांपासून जपते आणि त्यातला एक हाच. 'पेंटा' म्हणजे पाच. आपला 'पंच' आणि तो 'पेंटा' हे मुळात एकाच घरातले शब्द.

आता शेपट्यांकडे वळू.

पहिली शेपटी 'आयटिस'. अर्थ दाह, म्हणजे सूज. 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा, म्हणून आर्थ्रायटिस म्हणजे सांध्यांचा दाह. 'हेपार' म्हणजे यकृत, त्यावरून हेपटायटिस. 'मास्तोस' म्हणजे स्तन. म्हशीची कास सुजून दगडासारखी होते, दुधात गाठी येतात, तेव्हा जनावरांचे डॉक्टर मास्टायटिस म्हणतात. तो शब्द बाळंतिणीच्या सुजलेल्या छातीलाही लागतो.

दुसरी शेपटी 'ओमा'. अर्थ गाठ. इथे जरा थांबायचं, कारण गाठ म्हटलं की आपल्याला कॅन्सरच आठवतो. 'कार्किनोस' म्हणजे खेकडा. आपल्याकडे खेकड्याला कर्क म्हणतात, राशींमध्ये ती रास आहेच. म्हणून कार्सिनोमा म्हणजे कर्करोगाची गाठ. पण 'मायोमा' वेगळा. त्यातला 'मायो' म्हणजे स्नायू. गर्भाशयाच्या भिंतीतल्या स्नायूची ही गाठ, जिला फायब्रॉईडही म्हणतात. ती पुष्कळ बायकांना होते आणि बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. दोन्ही शब्दांची शेपटी एकच आहे, पण डोकं वेगळं आहे. म्हणून "गाठ आहे" एवढं ऐकून घाबरायचं नाही. "कसली गाठ? रिपोर्टात काय लिहिलंय?" असं विचारायचं.

तिसरी शेपटी 'स्कोपी'. अर्थ बघणं. 'लापारा' म्हणजे कुशीचा, पोटाचा मऊ भाग. लॅपरोस्कोपी म्हणजे पोटात दुर्बिणीने बघणं.

चौथी 'ओटॉमी', अर्थ कापून उघडणं. लॅपरोटॉमी म्हणजे पोट उघडणं.

पाचवी 'एक्टॉमी'. हिच्यात 'एक' म्हणजे बाहेर आणि 'तोमे' म्हणजे कापणं. कापून बाहेर काढणं. 'हिस्तेरा' म्हणजे गर्भाशय. हिस्टरेक्टॉमी म्हणजे गर्भपिशवी कापून काढून टाकणं. ही शेपटी पाठ करून ठेवा. कागदावर ती दिसली की शरीरातलं काहीतरी कायमचं जाणार आहे.

शब्दाच्या पुढे लागणारा एक छोटा तुकडाही लक्षात ठेवू: 'अन'. अर्थ नाही. आपल्या अनावश्यक, अनोळखी या शब्दांतला 'अन' आणि हा एकाच मुळाचे. 'हाइमा' म्हणजे रक्त. अन आणि हाइमा मिळून ॲनिमिया, शब्दशः रक्त नसणं. खरं तर रक्त असतं, पण त्यातलं हिमोग्लोबिन कमी असतं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया समजतात. भूल देण्याला ॲनेस्थेशिया म्हणतात, त्यातही हाच 'अन' आहे. 'आइस्थेसिस' म्हणजे जाणीव. जाणीव नसणं म्हणजे भूल.

आता एवढ्या भांडवलावर आपल्या रोजच्या दुखण्याकडे येऊ. 'ल्युकोस' म्हणजे पांढरं आणि 'रिया' म्हणजे वाहणं. फाईलवर ल्युकोरिया लिहिलं असेल तर ते आपलं अंगावरून पांढरं जाणं. डायरियात हाच 'रिया' आहे, आणि आपल्या 'स्राव' शब्दाचंही मूळ तेच. ल्युकोरियात 'ओमा' नाही आणि 'एक्टॉमी'ही नाही. काय होतंय एवढंच तो सांगतो. कशामुळे होतंय हे तपासावं लागतं, आणि संसर्ग निघाला तर त्यावर औषधं आहेत.

हे सांगण्याला कारण आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणात काढल्या जातात, ही गोष्ट २०१९ साली राज्यभर गाजली. सरकारने समिती नेमली. डॉ. नीलम गोऱ्हे तिच्या अध्यक्ष होत्या. त्या वेळी ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. कित्येक जणी पांढरं जातं, पोट दुखतं, पाळीत जास्त जातं अशा तक्रारी घेऊन गेल्या होत्या, आणि "पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल" हे ऐकून परतल्या होत्या. त्यामागे शब्द न कळणं एवढंच कारण नव्हतं. कोयत्याचा खाडा पडला की कापला जाणारा पैसा होता, फडावर पाणी आणि संडास नसणं होतं, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं होती. पण भीती घालायला न कळणारा शब्द फार सोपा पडतो.

पिशवी काढणं नेहमीच चुकीचं असतं, असं कोणी समजू नये. कर्करोग असेल, बाळंतपणात रक्त थांबतच नसेल, तर त्या ऑपरेशनने जीव वाचतो. प्रश्न दुसरे उपाय तपासले का, हा आहे. मायोमासाठीच पाहा. मायोमेक्टॉमी नावाचं ऑपरेशन असतं, त्यात फक्त गाठ काढतात आणि पिशवी जागेवर राहते. मायोमेक्टॉमी आणि हिस्टरेक्टॉमी यांची शेपटी एकच आहे, पण डोकं काय निघणार ते सांगतं. एकीत गाठ जाते, दुसरीत पिशवी.

आणखी एक जोडशब्द पाहून ठेवा: साल्पिंगो-ऊफोरेक्टॉमी. 'साल्पिंक्स' म्हणजे तुतारी. गर्भनळीचा आकार तुतारीसारखा, म्हणून हे नाव. 'ऊफोरो' म्हणजे अंडं वाहणारं, म्हणजे अंडाशय. हा शब्द असेल तर नळी आणि अंडाशयही काढणार. त्याच्यापुढे 'बायलॅटरल' असेल तर दोन्ही बाजूंचे. पाळी चालू असलेल्या बाईचे दोन्ही अंडाशय काढले की पाळी जाण्याचे त्रास एकदम सुरू होतात आणि पुढे हाडं ठिसूळ व्हायला लागतात. हाडं ठिसूळ होण्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. त्यातला 'ओस्तेऑन' आणि आपली 'अस्थी' सख्ख्या बहिणी. "पिशवी काढू" या दोन शब्दांत अंडाशयाचं काहीच कळत नाही, कागदावरच्या शब्दात ते लिहिलेलं असतं.

शेपटीतला हा फरक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. दिल्लीतल्या एका बाईने पोटात दुर्बिणीने तपासणी करायला संमती दिली होती. म्हणजे कागदावर 'स्कोपी' होती, आणि गरज पडल्यास पोट उघडण्याचा, म्हणजे 'ओटॉमी'चा उल्लेख होता. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईला विचारून तिचं गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढले गेले. २००८ साली न्यायालयाने निकाल दिला की तपासणीची संमती ही अवयव काढण्याची संमती होत नाही. बाई सज्ञान आहे, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, म्हणून आईची संमती पुरेशी नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावंच लागलं तर गोष्ट वेगळी. नवरा, सासू, आई कोणीही असो, आपल्या शरीराचा निर्णय आपल्याला विचारूनच व्हायला हवा, हा त्याचा अर्थ.

आता एक सावधगिरी. शब्दाचा अर्थ कळला म्हणजे आजार कळला असं नाही. दुर्बिणीतून पिशवी काढतात तेव्हा 'लॅपरोस्कोपिक हिस्टरेक्टॉमी' लिहितात. तिथे 'स्कोपी' पाहून "नुसतं बघणार आहेत" असं समजायचं नाही, शेवटची शेपटी धरायची. आणि जुने शब्द जुन्या चुकाही सांभाळून ठेवतात. हिस्टेरिया हा शब्द 'हिस्तेरा'पासूनच आला. बाईचं गर्भाशय शरीरात फिरतं आणि त्यामुळे ती बिघडते, असं काही प्राचीन ग्रीकांना वाटे. ते साफ खोटं होतं, पण बाई रडली, चिडली, बेशुद्ध पडली की तिला हिस्टेरिया झाला असं म्हणायची पद्धत शेकडो वर्षं चालली. आजाराच्या अधिकृत यादीतून अमेरिकेतल्या मनोविकार डॉक्टरांनी १९८० साली तो शब्द काढला. आपणही तो बोलण्यातून काढू या.

पुढच्या वेळी ऑपरेशनचा कागद समोर आला की चार प्रश्न विचारा. या शब्दाचा मराठीत अर्थ काय? नेमकं काय काढणार आणि काय ठेवणार? औषधाने किंवा छोट्या ऑपरेशनने भागेल का? दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला वेळ आहे का? हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. आपल्या भाषेत माहिती मिळणं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं आणि कागदांची प्रत मिळणं हे रुग्णाचे हक्क आहेत. खाजगी दवाखान्यांनी रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशा ठिकाणी लावावी, असं आपल्या राज्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांत आहे. गेलात की भिंतीवर शोधा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या फाईलमधला एक शब्द कागदावर उतरवून आणा. शब्द फक्त, आजार कोणाचा ते सांगायची गरज नाही. आशाताईंना किंवा कॉलेजात जाणाऱ्या लेकीला बोलवा, सगळ्या मिळून डोकं आणि शेपूट वेगळं करू. कर्जाच्या कागदावर व्याज किती हे विचारल्याशिवाय आपल्या गटात एकही बाई सही करत नाही. ऑपरेशनच्या कागदालाही तोच नियम लावू.